एका सत्रापुरती अमेरिका

बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याचं नाव काढलं की लोकांना आधी त्वरितादेवी आठवते, मग कापूस आणि मग ऊसतोडीचा कोयता. या गावातल्या एखाद्या मुलीनं ‘मला अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये शिकायचंय’ असं म्हटलं, तर घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा खर्चाचा आकडा येतो. तो खोटाही नसतो. तिथल्या नामांकित संस्थांत एमबीएचं नुसतं शिक्षणशुल्क वर्षाला पाऊण लाख डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. शिवाय राहणं, खाणं, विमा. दोन वर्षांचा हिशेब कोटीच्या पुढं जातो, आणि पाच एकर कोरडवाहू रानाच्या जोरावर कुठलीच बँक एवढं कर्ज देत नाही.

पण तिथं पोचायची दुसरी एक वाट आहे आणि आपल्या भागात तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे स्टुडंट एक्स्चेंज, विद्यार्थ्यांची अदलाबदल. हिच्यात पदवी भारतातल्या संस्थेची असते आणि फीसुद्धा भारतातल्याच संस्थेला भरायची असते. मधलं एक सत्र तेवढं परदेशातल्या भागीदार संस्थेत काढायचं. दोन्ही संस्थांमध्ये करार असतो: आमचे दोन विद्यार्थी तुमच्याकडे, तुमचे दोन आमच्याकडे, आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरची फी भरायची. म्हणजे पाहुण्या विद्यार्थ्याला अमेरिकेतलं शिक्षणशुल्क पडत नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, आरोग्यविमा, खोलीभाडं आणि जेवण एवढा खर्च मात्र त्याचा त्यालाच करावा लागतो. डॉलर ऐंशीच्या पुढं गेलेला असताना हाही खर्च लहान नाही, पण कोटीच्या घरातला नाही, काही लाखांतला आहे. कर्ज काढता येईल आणि फेडताही येईल, असा हा आकडा आहे.

२०२४-२५ या वर्षी अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यातले बहुतेक पूर्ण पदवीसाठी गेलेले. एक्स्चेंजवर जाणारे त्या मानानं मूठभर. त्याचं एक कारण असं की या वाटेचा दरवाजा अमेरिकन वकिलातीत उघडत नाही. तो त्याच्या खूप आधी, इथं एमबीएला प्रवेश घेताना उघडतो किंवा बंद होतो. ज्या संस्थेचा परदेशी संस्थांशी करारच नाही, तिथं प्रवेश घेतला की विद्यार्थी कितीही हुशार असो, एक्स्चेंजचा विषय तिथंच मिटला. गावाकडच्या पोरापोरींना हे आधी कुणी सांगत नाही. प्रवेशाच्या वेळी फी, वसतिगृह आणि नोकरीचा सरासरी पगार यांची चौकशी होते. भागीदार संस्थांची यादी कुणी मागत नाही. ती मागितली पाहिजे. यादीत अमेरिकेतल्या संस्था किती, दरवर्षी जागा किती, निवड कशावर होते आणि गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती जण गेले, एवढं विचारलं तरी कागदावरचा करार आणि चालू करार यांतला फरक कळतो.

आपल्या आयआयएम संस्थांत ही पद्धत चांगली रुजलेली आहे. दुसऱ्या वर्षातलं पाचवं सत्र, म्हणजे साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, त्यासाठी वापरतात. अंतिम नोकऱ्यांच्या मुलाखती त्यानंतर असतात, त्यामुळे मुलं वेळेत परत येतात. महाराष्ट्रात २०१५ पासून नागपूरला आयआयएम आहे, आणि पवईची जुनी नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. मात्र एक गोष्ट आधीच माहीत असावी. एक्स्चेंजच्या याद्यांत युरोपातल्या संस्था भरपूर असतात आणि अमेरिकेतल्या कमी. अमेरिकेतून भारतात सत्र काढायला येणारे एमबीएचे विद्यार्थी थोडे, आणि करार बरोबरीचा. तिकडून कुणी आलं नाही, तर इकडून जाणाऱ्यांच्या जागाही घटतात. म्हणून अमेरिकेतल्या त्या दोन-चार जागांसाठी पहिल्या वर्षाच्या गुणांवर चुरस होते. ज्याला जायचंय त्यानं पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून हे ध्यानात ठेवावं.

भारतातलं व्यवस्थापनाचं शिक्षणच मुळात अमेरिकन बिझनेस स्कूलचा हात धरून उभं राहिलं. अहमदाबादचं आयआयएम १९६१ मध्ये सुरू झालं, त्याच्या घडणीत हार्वर्ड बिझनेस स्कूल होतं. त्याच वर्षीच्या कोलकात्याच्या आयआयएममागे एमआयटीचं स्लोन स्कूल. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्यानं निघाली. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन पुढं अहमदाबाद आणि स्टॅनफर्ड गाठलेले श्रीकांत दातार १ जानेवारी २०२१ पासून हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन झाले. साठ वर्षांपूर्वी ज्या संस्थेकडून आपण शिकवायची पद्धत घेतली, तिच्या प्रमुखपदी आपल्याकडे शिकलेला माणूस बसला. या देवघेवीचा हिशेब आता एकतर्फी राहिलेला नाही.

मराठी माणसाच्या संदर्भात ही गोष्ट मात्र आणखी मागं, १९१३ पर्यंत जाते. त्या वर्षीच्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार लिहून घेतला होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे मोठे अभ्यासक त्यांचे गुरू, आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गांचा ठसा त्यांच्यावर आयुष्यभर राहिला. १९१५ मध्ये एम.ए. झालं, त्याचा प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर होता. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि कोलंबियाचं बिझनेस स्कूल सुरू झालं तेही त्याच वर्षी. बाबासाहेब बिझनेस स्कूलचे विद्यार्थी नव्हते आणि त्यांचं शिक्षण आजच्या अर्थानं एक्स्चेंजही नव्हतं. पण बाहेर जाऊन शिकायचं, परत यायचं आणि शिकलेलं इथं लावायचं, हे या व्यवस्थेचं मूळ तत्त्व त्यांच्याइतकं कुणी जगून दाखवलेलं नाही. त्या वेळी आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि मराठवाड्यात एकही महाविद्यालय नव्हतं. कोलंबियात शिकून आलेल्या याच माणसानं १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये झालं आणि आज ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. तलवाड्याचा मुलगा गेवराईला किंवा बीडला बी.कॉम. करतो, तेव्हा त्याच्या पदवीवर हेच नाव असतं.

सयाजीरावांनी करार लिहून घेतला, तसलीच एक अट अमेरिकेच्या व्हिसालाही बरीच वर्षं होती. एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याला बहुधा जे-१ नावाचा व्हिसा मिळतो, काही संस्था एफ-१ वरही घेतात. जे-१ मागची कल्पना १९६१ च्या अमेरिकन कायद्यातली आहे: पाहुण्यानं शिकावं आणि ते ज्ञान आपल्या देशात न्यावं. म्हणून ज्या देशांना ठरावीक कौशल्यांची गरज आहे असं अमेरिकन सरकारनं यादीत नोंदवलं होतं, तिथल्या त्या क्षेत्रांतल्या जे-१ धारकांना परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेत नोकरीचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नसे. भारत त्या यादीत होता. डिसेंबर २०२४ मध्ये नवी यादी आली आणि भारताचं नाव त्यातून निघालं. सरकारी पैशातून, उदाहरणार्थ फुलब्राइट शिष्यवृत्तीवर, जाणाऱ्यांना मात्र ही अट अजून लागते.

व्हिसाच्या कागदांबद्दल गावात नाना अफवा असतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. यजमान विद्यापीठ डीएस-२०१९ नावाचं पत्रक पाठवतं. ते आलं की सेविस या नोंदणीचं शुल्क भरायचं, जे-१ साठी २२० डॉलर. मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज आणि त्याचं वेगळं शुल्क १८५ डॉलर. या अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावंही द्यावी लागतात. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या आणि जूनमध्ये पुन्हा सुरू करताना ही खाती सार्वजनिक ठेवा, अशी सूचना दिली. मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. ती दोन-चार मिनिटांत आटोपते. अधिकाऱ्याला मुख्यतः एवढंच पटायला हवं असतं की हा माणूस परत येईल. पदवीसाठी जाणाऱ्याला हे सिद्ध करणं अवघड जातं. एक्स्चेंजवाल्याची बाजू इथं भक्कम असते, कारण त्याची पदवी भारतात अर्धी पडून आहे आणि परतल्याशिवाय ती मिळणार नाही. संस्थेचं पत्र पुढं ठेवायचं आणि हे सरळ शब्दांत सांगायचं.

कागदांत आपल्याकडची मुलं हमखास अडतात ती नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधार कार्डावर क्रम उलटा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा. त्यात इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. अमेरिकेतली व्यवस्था फक्त पासपोर्ट मानते, विद्यापीठाचं ओळखपत्र आणि बँकेचं खातंही त्याच नावानं निघतं. म्हणून पासपोर्ट काढतानाच आडनावाच्या रकान्यात आडनाव भरायचं, तो मोकळा सोडायचा नाही, आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यायचे. हे काम गावात बसून, सेतू केंद्रात चार चकरा मारून होतं. मात्र प्रवास ठरल्यावर घाईत करायला गेलं, तर महिने जातात.

विम्याबद्दल कायदाच स्पष्ट आहे. जे-१ धारकाकडे प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचं संरक्षण असावं लागतं. शिवाय आजारी माणसाला मायदेशी हलवायला ५० हजार आणि दुर्दैवानं मृत्यू झाला तर देह परत आणायला २५ हजार डॉलरची तरतूद. वाचून घरचे दचकतील, पण हे सोडून चालत नाही. तिकडे साधा हात मोडला तरी दवाखान्याचं बिल वर्षाच्या उत्पन्नाला गिळून टाकतं.

आता वर्गाबद्दल. अमेरिकन बिझनेस स्कूलचा खरा वेगळेपणा तिथं आहे. आणि तलवाड्याच्या विद्यार्थ्याला मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय, तेही याच जागी आहे.

तिथं बऱ्याच विषयांत ‘केस’ शिकवतात. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघालं. १९१९ मध्ये डीन झालेले वॉलेस डोनम कायद्याचे पदवीधर होते. कायद्याचे विद्यार्थी जुने खटले वाचून वर्गात त्यावर वाद घालतात, ही पद्धत त्यांनी धंद्याच्या शिक्षणात आणली. १९२१ मध्ये एका बूट कंपनीवर पहिली केस लिहिली गेली. केस म्हणजे दहा-वीस पानांची खरी हकिगत: एक कंपनी, एक माणूस, त्याच्यापुढचा पेच, सोबत आकड्यांचे तक्ते. उत्तर कुठंच दिलेलं नसतं. विद्यार्थी आदल्या रात्री ती वाचतात, चौघं-पाच जण मिळून चर्चा करतात आणि दुसऱ्या दिवशी प्राध्यापक वर्गात शिरताच कुणाकडं तरी बोट करतात: तू त्या माणसाच्या जागी असतास तर काय केलं असतंस? कोण सांगायला तयार आहे, असं विचारत नाहीत, नाव घेऊन उठवतात. हार्वर्डमध्ये काही विषयांचे निम्मे गुण वर्गातल्या बोलण्यालाच असतात. इतर संस्थांत प्रमाण कमी असेल, पण बोलण्याला गुण बहुतेक ठिकाणी आहेत.

मराठी माध्यमातून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोराला याची धास्ती वाटते. वर्गात गप्प बसणं म्हणजे शहाणपण, सर विचारतील तेव्हाच बोलायचं, हे आपण लहानपणापासून अंगी बाणवलेलं. तिथं गप्प बसणाऱ्याचे गुण जातात. त्याहून वाईट म्हणजे लोक गृहीत धरतात की याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्याच आठवड्यात, इंग्रजी कसंही असो, एकदा बोलून मोकळं व्हावं. तीन आठवडे न बोलता गेले की चौथ्या आठवड्यात तोंड उघडणं फार जड जातं. केसमधला एखादा आकडा आदल्या रात्रीच काढून ठेवावा. ‘या तक्त्यावरून नफ्याचं प्रमाण इतकं येतं, म्हणून मला हा निर्णय चुकीचा वाटतो’, एवढं वाक्य पुरतं. उच्चाराकडे कुणी लक्ष देत नाही. त्या वर्गात कोरिया, ब्राझील, नायजेरिया अशा कितीतरी देशांची इंग्रजी ऐकू येते.

तिथं बोलायला तलवाड्याच्या पोरांकडे काय आहे? २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी मुंबईच्या डबेवाल्यांवर केस लिहिली. मावळ, खेड, जुन्नर भागातली गांधी टोपी घातलेली, फार न शिकलेली माणसं रोज लाखो डबे वेळेत कसे पोचवत होती, हे जगभरातले एमबीए वर्गात वाचतात. ही केस तयार झाली कारण कुणीतरी डबेवाल्यांच्या रोजच्या कामाकडे व्यवस्थापनाच्या नजरेनं पाहिलं. बीड जिल्ह्यात असे विषय ढिगानं पडलेत आणि ज्यांनी ते जवळून पाहिलेत त्यांना त्यांची किंमत माहीत नाही.

उदाहरणार्थ, ऊसतोडीची उचल घ्या. साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्याआधीच मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा मध्यस्थ, कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचलतो आणि गावातल्या नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो. जोडी पाच-सहा महिने कारखान्यावर ऊस तोडते आणि टनाच्या दरानं ती उचल फेडते. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत इथं कर्ज आणि मजुरी एकाच करारात गुंफलेली आहे. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्रणब बर्धन यांनी अशा जोडकरारांवर महत्त्वाचं लेखन केलंय. मजुराला दिवाळीत रोख पैसा लागतो आणि कुठलीच बँक त्याला तो देत नाही. कारखान्याला हंगामात मजूर हमखास हवे असतात. मुकादम या दोघांच्या मधोमध उभा राहतो आणि जोखीम विकत घेतो. मजूर पळाला तर त्याचं नुकसान, म्हणून तो ओळखीच्याच घरांत उचल देतो, आणि फेडीच्या नावाखाली जोरजबरदस्तीही इथूनच जन्मते. वित्त, मनुष्यबळ, करारशास्त्र आणि नीतिशास्त्र या चारही विषयांची केस या एका व्यवहारात आहे. ज्या मुलीच्या आईनं बारा हंगाम कोयता धरला, ती वर्गात उठून हे सांगू लागली, तर तिच्याइतकं अधिकारानं बोलणारं दुसरं कुणी त्या खोलीत नसेल. या गोष्टीची लाज वाटायचं काहीही कारण नाही. मला तर वाटतं, या मुलांनी अमेरिकेला जाण्याआधी आपल्या घरच्या उचलीचा एक हंगामाचा हिशेब कागदावर मांडून न्यावा.

कापसाचं तर आणखी थेट आहे. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात, आणि एक सौदा ५० हजार पौंडांचा असतो. आपल्याकडे रुईचा भाव खंडीला, म्हणजे ३५६ किलोला, आणि गाठ १७० किलोची. समजा न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ७० सेंट आहे आणि डॉलर ८५ रुपयांचा. मग रुई किलोला १३१ रुपयांच्या आसपास पडते आणि खंडी ४६,७०० च्या. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. म्हणजे रुईचे साडेचार हजारांच्या जरा आत. सरकी किलोला ३५ रुपये धरली तर तिचे सव्वादोन हजार. जिनिंगचा खर्च आणि वाहतूक वजा करायच्या आधीच एकूण पावणेसात हजारांच्या आत थांबतं. आणि २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. जागतिक बाजाराचा भाव आणि हमीभाव यांतली ही दरी पाहिली की सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरांच्या रांगा का लागतात, ते कळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं, तेव्हा गिरणीवाले खूश आणि शेतकरी संतप्त का झाले, तेही याच गणितातून उलगडतं.

हे गणित अमेरिकेत मांडायला उत्तम ठिकाण म्हणजे टेक्सासमधलं लबक. अमेरिकेतल्या कापसाचा तो मोठा पट्टा, आणि तिथंच टेक्सास टेक विद्यापीठाचं रॉल्स कॉलेज ऑफ बिझनेस आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या मुलाला मोसमी पावसाची ओढ कळत नाही आणि आपल्या मुलीला हजार एकरांवर चालणारं वेचणीचं यंत्र ठाऊक नाही. आपल्याकडं वेचणी बायांच्या हातानं, किलोच्या दरानं होते. पण सरकारी अनुदानावर दोघांनाही बोलता येईल. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलनं २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. अशा वादावर तलवाडा आणि लबक समोरासमोर बसले, तर त्या तासाला प्राध्यापकाला फारसं बोलावंच लागणार नाही. म्हणून संस्था निवडताना फक्त हार्वर्ड, व्हार्टन या नावांमागं धावू नये. आपल्या प्रश्नांचं भान जिथं आहे, ती संस्था प्रसिद्धीनं मागं असली तरी जास्त शिकवून जाते.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी पटकन सांगतो. काही विद्यापीठांत दहा-अकरा आठवड्यांचं सत्र असतं, काहींत पंधरा आठवड्यांचं, आणि भारतातल्या वेळापत्रकाशी जुळणी दरवेळी होतेच असं नाही. विषय निवडायला अनेक ठिकाणी पॉइंट्सची बोली लावावी लागते आणि पाहुण्यांना उरलेल्या जागा मिळतात, तेव्हा पर्यायी विषयांची यादी लांब ठेवावी. कुठल्या विषयाबद्दल भारतातली संस्था किती क्रेडिट देणार, हे निघण्याआधी लेखी घ्यावं. गुणपत्रक यायला सत्र संपल्यावर काही आठवडे लागतात. दुसऱ्या वर्षाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांचे गट आधीच पक्के झालेले असतात, त्यामुळे एक्स्चेंजची मुलं एकमेकांतच अडकून पडतात. हा कोष फोडायचा तर एखाद्या क्लबात पहिल्याच आठवड्यात नाव घालावं. प्राध्यापकांच्या खोलीत ठरावीक वेळी जाऊन शंका विचारता येतात आणि ते मनापासून बोलतात. नक्कल मात्र तिथं फार गंभीर मानतात. दुसऱ्याचं वाक्य संदर्भ न देता उचललं तर परत पाठवतील, इतकं. विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, पण त्यासाठी तिथल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी लागते. आणि या सत्राच्या बळावर अमेरिकेत नोकरी लागेल, ही आशा घेऊन जाऊ नये. कुणी एजंट तसं सांगत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

ज्याला पूर्ण पदवीच करायची आहे, त्याच्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना ती दरवर्षी मिळते आणि फीबरोबर राहण्याचा खर्चही त्यात येतो. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या अशाच योजना आहेत. एक्स्चेंजचं एक सत्र यात बसत नाही. इथं सरकारनं हात घालायला हवा असं मला तळमळीनं वाटतं. एका सत्राच्या राहण्या-प्रवासाला लागणारी रक्कम पूर्ण पदवीच्या खर्चाच्या मानानं फार थोडी आहे, आणि तेवढ्या पैशांअभावी गुणांच्या यादीत वर असलेली ग्रामीण मुलं आपली जागा सोडून देतात. यूजीसीनं २०२१ मध्ये क्रेडिटची बँक सुरू केली. २०२२ च्या नियमांत परदेशी संस्थांबरोबर जोड अभ्यासक्रमांना वाट करून दिली आणि ट्विनिंग पद्धतीत ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशात मिळवायची मुभा दिली. नियमांची चौकट तयार आहे. तिच्यात गरीब घरचं मूल बसेल एवढा पैसा अजून आलेला नाही.

आणि अदलाबदल म्हटली की तिकडून येणाऱ्याचाही विचार करायला हवा. अमेरिकन विद्यार्थी भारतात एक सत्र काढायला आला, तर आज तो अहमदाबाद, बंगळूर नाही तर मुंबईच्या वातानुकूलित वर्गात बसतो आणि शनिवार-रविवारी आग्र्याला जाऊन येतो. त्याला इथं आणखी काय शिकण्यासारखं आहे, हे आपल्या संस्थांनी दाखवलेलंच नाही. नागपूरच्या किंवा मुंबईच्या आयआयएमनं सप्टेंबर ते डिसेंबरच्या सत्रात पाहुण्या विद्यार्थ्यांचा एक गट दहा दिवस गेवराईत आणावा. तेवढ्यात उचल वाटली जाताना दिसेल, टोळ्या ट्रकमध्ये चढताना दिसतील, कापसाची पहिली वेचणी जिनिंगवर येताना दिसेल आणि सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजून भाव कापला जाताना दिसेल. गेवराईच्या आणि बीडच्या महाविद्यालयांतली बी.कॉम.ची मुलं त्यांच्याबरोबर फिरतील, दुभाषाचं काम करतील आणि त्या दहा दिवसांत इंग्रजी बोलायची भीती आपोआप सुटेल. अशा भेटींमुळे तिकडून येणाऱ्यांची संख्या वाढली, तर करारातल्या बरोबरीच्या नियमानं इकडून जाणाऱ्यांच्या जागाही वाढतील.